वर्ध्याची शिक्षणपरिषद आणि गुरुजींचे स्वातंत्र्य

'विद्यापीठीय स्वातंत्र्य' हा शब्द कानावर पडला की खेड्यातल्या माणसाला वाटते, हे काही आपले काम नव्हे. हा शहरातल्या प्राध्यापकांचा, पदवीधरांचा प्रश्न आहे. आपल्या गावात शाळा आहे, गुरुजी वेळेवर येतात, मुलांना बाराखडी आणि पाढे येतात, एवढे पुष्कळ झाले! पण थोडा विचार केला तर हा प्रश्न चौथीच्या वर्गातही असतो आणि विद्यापीठातही असतो. प्रश्न साधा आहे. शिकवणाऱ्याला जे खरे वाटते ते त्याला निर्भयपणे शिकवता येते की नाही? आणि तसे शिकवता येत असेल, तर त्याने कोणाला जाब द्यायचा?

'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी' ही म्हण आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. शिकवणाऱ्याची पोळी कधी सरकारकडून येते, कधी शेठसावकाराच्या देणगीतून येते, तर कधी पालकांच्या फीमधून येते. मग त्याने टाळी कोणाची वाजवावी? की कोणाचीच वाजवू नये? या प्रश्नाचा जेवढा खल आपल्या वर्धा जिल्ह्यात झाला आहे, तेवढा फार थोड्या ठिकाणी झाला असेल. आज त्याचाच इतिहास सांगायचा आहे.

आरंभी जरा दूरची एक गोष्ट ऐका. 'हिमगौरी आणि सात बुटके' ही कथा तुमच्या मुलांनी ऐकली असेल. अशा लोककथा गोळा करून छापणारे ग्रिम बंधू, याकोब आणि विल्हेल्म, हे जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठात प्राध्यापक होते. तो भाग हॅनोवरच्या राजाच्या अमलाखाली होता. १८३७ साली नवा राजा गादीवर आला आणि त्याने राज्याची घटनाच रद्द करून टाकली. ग्रिम बंधूंसह सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला. त्यांचे म्हणणे असे, की आम्ही या घटनेची शपथ घेतली आहे. आम्हीच शपथेचा खेळ केला, तर आमच्या विद्यार्थ्यांनी आमच्यावर विश्वास कशाला ठेवावा? राजाने सातांनाही नोकरीवरून काढले. त्यांतल्या तिघांना तर तीन दिवसांत राज्याबाहेर घालवले.

या गोष्टीतले मर्म लक्षात घ्या. त्या सात जणांनी 'आमचा हक्क, आमचा हक्क' असा घोष केला नाही. विद्यार्थ्यांचा विश्वास टिकवणे हे आमचे कर्तव्य आहे, असे ते म्हणाले. म्हणजे त्यांनी स्वातंत्र्य मागितले ते जबाबदारी पार पाडण्यासाठी. स्वातंत्र्य आणि जबाबदारी ही एकाच बैलगाडीची दोन चाके आहेत. एक चाक काढले की गाडी जागच्या जागी बसते.

त्यानंतर बरोबर १०० वर्षांनी, म्हणजे १९३७ साली, हाच प्रश्न वर्ध्यात निराळ्या रूपाने उभा राहिला.

त्या वेळची परिस्थिती आधी समजून घेतली पाहिजे. १९३५ च्या कायद्याप्रमाणे प्रांतांना काही अधिकार मिळाले होते. निवडणुका झाल्या आणि १९३७ च्या जुलैपासून अनेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. काँग्रेसने लोकांना दोन मोठी वचने दिलेली होती. एक दारूबंदीचे आणि दुसरे सर्व मुलांच्या शिक्षणाचे. आता अडचण पाहा. प्रांतिक सरकारच्या तिजोरीत दारूवरच्या कराचा पैसा मोठा होता आणि शिक्षणाचा खर्च बराचसा त्याच पैशावर चालत होता. म्हणजे दारू बंद करावी तर शाळा कशावर चालवाव्यात? आणि शाळा चालवाव्यात तर बापाने प्यायलेल्या दारूच्या पैशावर मुलाला शिकवायचे का? हा पेच मंत्र्यांना पडला होता.

गांधीजी तेव्हा वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहत होते. १९३६ च्या एप्रिलअखेर ते तेथे राहायला आले. पुढे १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. गांधीजींनी 'हरिजन' पत्रातून एक विचार मांडायला सुरुवात केली. मुलाचे शिक्षण एखाद्या हातउद्योगातून व्हावे. कापूस पिंजणे, सूत कातणे, विणणे, शेती, सुतारकाम यांपैकी काही तरी मुलाने नीट शिकावे. त्यातूनच त्याला गणित यावे, भूगोल यावा, इतिहास यावा. आणि मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा. शाळा आपल्या पायावर उभी राहावी.

पुष्कळांना यात फक्त पैशाची काटकसर दिसली. पण त्यात आणखीही एक अर्थ आहे. जी शाळा कोणाच्या तिजोरीकडे डोळे लावून बसत नाही, तिला कोणाच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. उच्च शिक्षणाबद्दलही गांधीजी त्याच वर्षी लिहीत होते, की उद्योगांनी आपल्याला लागणारे पदवीधर आपल्या खर्चाने तयार करावेत आणि विद्यापीठांचा भार सरकारी तिजोरीवर असू नये. हा विचार सर्वांना पटण्यासारखा नव्हता, आजही नाही. पण शिक्षणाचा पैसा आणि शिक्षणाचे स्वातंत्र्य यांची गाठ कोठे पडते, हे त्या विचाराने उघड केले.

या विचाराची परीक्षा व्हावी म्हणून वर्ध्यात एक परिषद बोलावण्यात आली. निमित्त होते मारवाडी शिक्षण मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचे. हीच संस्था पुढे शिक्षा मंडळ या नावाने ओळखली जाऊ लागली. संस्थेचे चिटणीस होते श्रीमन्नारायण अग्रवाल. तिच्या विद्यालयाचे प्रमुख होते ई. डब्ल्यू. आर्यनायकम्. हे मूळचे सिंहलद्वीपातले, म्हणजे आजच्या श्रीलंकेतले तमिळ गृहस्थ. रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात काम करून ते आणि त्यांच्या बंगाली पत्नी आशादेवी वर्ध्यास आले होते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ हे परिषदेचे दोन दिवस. अध्यक्ष स्वतः गांधीजी. काँग्रेसच्या प्रांतांतले शिक्षणमंत्री आले. मुंबई प्रांताचे बाळासाहेब खेर आले, आपल्या मध्यप्रांताचे रविशंकर शुक्ल आले. बंगालचे वृद्ध रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र रॉय आले. विनोबा, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा ही मंडळी होतीच.

आता कल्पना करा. अध्यक्षस्थानी महात्मा गांधी. मंत्री त्यांचे अनुयायी. जागा त्यांच्या घराजवळची. अशा सभेत काय होते ते आपण सगळे जाणतो. एकामागून एक वक्ते उठतात, योजनेची स्तुती करतात, ठराव टाळ्यांच्या गजरात पास होतो आणि मंडळी जेवायला उठतात! वर्ध्यात तसे झाले नाही.

दिल्लीहून डॉक्टर झाकीर हुसेन आले होते. हे जामिया मिल्लिया इस्लामिया या राष्ट्रीय विद्यापीठाचे कुलगुरू. त्यांनी जर्मनीत बर्लिन विद्यापीठातून अर्थशास्त्राची डॉक्टरेट मिळवली होती. मनात आणले असते तर चांगल्या पगाराची जागा त्यांना सहज मिळाली असती. पण १९२० साली असहकाराच्या चळवळीत निघालेली जामिया पैशावाचून बंद पडण्याच्या बेतात आली, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शपथ घेतली, की २० वर्षे येथेच काम करू आणि महिना १५० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणार नाही. अशा माणसाला सभेत कोणाची भीती वाटणार? ज्याने आपल्या विद्येच्या स्वातंत्र्याची किंमत आपल्या ताटातून मोजली आहे, त्याच्या बोलण्याला वजन असतेच.

झाकीर हुसेन उठले आणि मोकळेपणाने बोलले. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता. कामातून शिक्षण ही कल्पना चांगली आहे, पण ती नवी नाही. अमेरिकेत आणि रशियात शिक्षणतज्ज्ञ अशा रीतीने प्रयोग करीत आहेत. आणि शाळेने स्वतःचा खर्च स्वतः काढावा यावर फार भर दिला, तर मोठा धोका आहे. शिक्षक हा शिक्षक राहणार नाही. तो गरीब मुलांच्या हातून काम पिळून घेणारा मुकादम होईल. तसे झाले तर आजची पुस्तके बरी, टकळी नको, असे म्हणायची पाळी येईल.

प्राध्यापक के. टी. शहा हे अर्थशास्त्रज्ञ. त्यांनीही आक्षेप घेतला. शाळेतला माल बाजारात आला तर गावच्या कारागिराशी त्याची चढाओढ होईल, आणि लहानपणापासूनच मुलांना पैशाची दृष्टी लागेल, असे त्यांना वाटत होते.

यावर गांधीजींनी काय केले? त्यांनी आपले मत सोडले नाही. शाळा आपल्या पायावर उभी राहते की नाही, ही शिक्षणाच्या खरेपणाची कसोटी आहे, असे ते म्हणत राहिले. पण विरोध करणाऱ्यांना त्यांनी गप्प बसवले नाही. परिषदेने चार ठराव केले. सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण सर्व मुलांना द्यावे. ते मातृभाषेतून द्यावे. ते एखाद्या उत्पादक हातकामाभोवती गुंफावे. आणि चौथा ठराव असा, की या पद्धतीतून हळूहळू शिक्षकांच्या वेतनाचा खर्च निघू लागेल अशी अपेक्षा आहे. 'हळूहळू' आणि 'अपेक्षा' हे दोन शब्द बघा. सक्ती नव्हे, अट नव्हे.

नंतर अभ्यासक्रम तयार करण्यासाठी एक समिती नेमली गेली. तिच्या अध्यक्षपदी कोण? ज्यांनी भर सभेत धोक्याची घंटा वाजवली ते झाकीर हुसेन! आक्षेप घेणारे के. टी. शहा हेही त्याच समितीचे सभासद. त्यांच्या जोडीला विनोबा, कालेलकर, मश्रूवाला, कुमारप्पा, सैय्यदैन, वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू, आशादेवी आणि निमंत्रक म्हणून आर्यनायकम्.

श्रोतेहो, माझ्या मते वर्ध्याच्या परिषदेतली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. टकळीची योजना पुढे चालली किंवा चालली नाही, तो भाग वेगळा. पण ज्याने विरोध केला त्याच्याच हाती लेखणी देण्यात आली. आणि ज्याने विरोध केला त्याने 'मी आपले मत सांगितले, आता तुमचे तुम्ही पाहा' असे म्हणून हात झटकले नाहीत. तो कामाला बसला. बोलण्याचे स्वातंत्र्य म्हणतात ते हे, आणि बोलण्याची जबाबदारी म्हणतात तीही हीच.

समितीने काम किती चटकन उरकले पाहा. २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल तयार झाला, म्हणजे जेमतेम सहा आठवड्यांत. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे मूळ उद्योगाला आणि बाकीचा वेळ मातृभाषा, गणित, चित्रकला, समाजशास्त्र, सामान्य विज्ञान, व्यायाम यांना, असा आराखडा त्यात होता. पण त्याच अहवालात झाकीर हुसेन यांची सूचनाही स्पष्ट शब्दांत आली. उत्पन्नाच्या बाजूवर जोर देऊन शिक्षणाची आणि संस्काराची बाजू मारली जाईल, शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढण्याच्या मागे लागतील, हा धोका आहे आणि त्यापासून सावध राहिले पाहिजे. म्हणजे सरकारपुढे योजना ठेवताना तिच्यातले वैगुण्यही लपवले नाही. आजच्या किती अहवालांत असे असते?

१९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुरा काँग्रेसने योजना मान्य केली. सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघ निघाला. झाकीर हुसेन अध्यक्ष, आर्यनायकम् चिटणीस. या शिक्षणाला 'बुनियादी तालीम', 'नई तालीम' अशी नावे पडली. देशभरचे शिक्षक सेवाग्रामला शिकायला येऊ लागले. टीकाही जोरात झाली. आपल्या प्रांतात रविशंकर शुक्ल यांनी 'विद्यामंदिर' योजना काढली, तेव्हा त्यातल्या 'मंदिर' या शब्दाला मुसलमान समाजातून विरोध झाला. एका शब्दाने केवढी दरी पडू शकते, ते या प्रकरणात दिसले. शाळा सर्वांची असेल तर तिच्या दारावरची पाटीसुद्धा सर्वांना आपली वाटली पाहिजे.

स्वराज्य आल्यावर बुनियादी शिक्षण हे सरकारी धोरण झाले. पुष्कळ शाळांवर 'बुनियादी शाळा' असे लिहिले गेले. पण १९५५-५६ मध्ये जी. रामचंद्रन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने पाहणी केली, तेव्हा योजनेचा आत्मा बऱ्याच ठिकाणी हरवलेला दिसला. कारण उघड आहे. वरून हुकूम आला म्हणून टकळी फिरते तेव्हा धागा निघतो, पण शिक्षण होत नाही. जो शिक्षक स्वतः विचार करायला मोकळा नाही, त्याच्या हाती उत्तम योजनासुद्धा नुसती नोंदवही होऊन बसते. ज्या कल्पनेत गांधीजींना शाळेचे स्वावलंबन दिसत होते, तीच खात्याच्या परिपत्रकात शिरल्यावर सर्वांत जास्त परावलंबी झाली!

आता शाळेकडून विद्यापीठाकडे वळू. स्वातंत्र्य मिळाल्यावर सरकारने विद्यापीठांच्या शिक्षणासाठी एक आयोग नेमला. डॉक्टर राधाकृष्णन त्याचे अध्यक्ष होते. १९४८ आणि १९४९ या दोन वर्षांत या आयोगाने काम केले. त्याच्या सभासदांत पुन्हा झाकीर हुसेन हे नाव आहे. आणि अमेरिकेचे आर्थर मॉर्गन हे एक सभासद होते. या आयोगाने खेड्यांसाठी ग्रामीण विद्यापीठे काढण्याची शिफारस केली, आणि त्या शिफारशीमागे बुनियादी शिक्षणाची कल्पना होती. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आयोगाने स्पष्ट सांगितले, की उच्च शिक्षणाला पैसा पुरवणे हे सरकारचे कर्तव्य आहे, पण पैसा दिला म्हणून काय शिकवावे यावर ताबा मिळत नाही. मदत वेगळी, मालकी वेगळी.

गांधीजींचे उत्तर होते : पोळी स्वतःच कमवा, म्हणजे टाळी वाजवावी लागणार नाही. आयोगाचे उत्तर होते : पोळी लोकांच्या करातून येते, ती सरकारच्या घरची नव्हे, तेव्हा टाळीची अट घालू नका. दोन्ही उत्तरांचा हेतू मात्र एकच.

हाच धागा विनोबांनी पुढे नेला. ते न्यायखात्याचे उदाहरण देत. न्यायाधीशाला पगार सरकार देते, पण तोच न्यायाधीश सरकारविरुद्ध निकाल देऊ शकतो. मग शिक्षकाचे असे का नसावे? पगार सरकारने द्यावा, पण शिक्षणावर हुकमत सरकारची नसावी. पण विनोबा एवढ्यावर थांबत नाहीत. ते शिक्षकाला उलट विचारतात, की न्यायाधीश कोणत्या पक्षाचा सभासद असतो का? तुम्हाला न्यायाधीशासारखे स्वातंत्र्य हवे असेल, तर न्यायाधीशासारखे निःपक्ष राहावे लागेल. ८ मार्च १९६८ रोजी बिहारमधील कहलगाव येथे त्यांनी 'आचार्यकुल' स्थापन केले. शिक्षकांनी पक्षीय राजकारणापासून दूर राहावे, निर्भय आणि निर्वैर असावे, आणि देशापुढच्या प्रश्नांवर एकत्र बसून, विचार करून, आपले मत जाहीर करावे, ही त्यामागची कल्पना.

या कल्पनेची खरी कसोटी आपल्याच जिल्ह्यात लागली. २५ जून १९७५ रोजी देशात आणीबाणी आली. विनोबा पवनारला धाम नदीच्या काठी आपल्या आश्रमात होते. त्यांचे एक वर्षाचे मौन चालू होते. त्या मौनात 'अनुशासन-पर्व' हा शब्द त्यांच्याकडून बाहेर आला, आणि सरकारने तो आणीबाणीच्या समर्थनासाठी सगळीकडे भिंतींवर लावला. विनोबांना 'सरकारी संत' म्हणून टीका सोसावी लागली. २५ डिसेंबर १९७५ ला मौन सुटले. तेव्हा त्यांनी आपला अर्थ उलगडून सांगितला. शासन राजाचे असते, अनुशासन आचार्यांचे असते. म्हणजे सत्तेच्या धाकाने चालणे निराळे आणि विचारवंतांच्या मार्गदर्शनाने चालणे निराळे. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९७६ मध्ये, पवनारला आचार्यांचे संमेलन भरले. कुलगुरू, शिक्षणतज्ज्ञ आणि विचारवंत आले. देशातील परिस्थिती पूर्ववत व्हावी, अशा आशयाचे निवेदन त्यांनी एकमताने केले. या कामात पुढे होते तेच श्रीमन्नारायण, जे १९३७ च्या परिषदेचे एक निमंत्रक होते. सरकारने ते निवेदन मानले नाही. आणीबाणी मार्च १९७७ पर्यंत चालली.

कोणी म्हणेल, विनोबांनी आधीच स्पष्ट बोलायला हवे होते. कोणी म्हणेल, आचार्यांच्या निवेदनाने काय साधले? दोन्ही प्रश्न योग्य आहेत आणि त्यांवर अजूनही वाद होतो. पण एक बोध निघतो. विद्वानाचा एक अर्धवट शब्दही सत्तेच्या हाती हत्यार होऊ शकतो. म्हणून बोलण्याच्या स्वातंत्र्याबरोबर नेमके बोलण्याची जबाबदारी येते. आणि आपला शब्द वेडावाकडा वापरला गेला, तर तो दुरुस्त करण्याचीही येते. 'उचलली जीभ लावली टाळ्याला' हे विद्वानाला शोभत नाही, तसेच वेळेवर गप्प बसणेही शोभत नाही.

आता अलीकडचा काळ. १९७५ च्या जानेवारीत नागपूरला पहिले विश्व हिंदी संमेलन भरले होते. त्यात एका आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठाची कल्पना निघाली. संसदेने कायदा केला आणि १९९७ साली वर्ध्यात महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय उभे राहिले. ज्या जिल्ह्यात शाळेच्या स्वातंत्र्याचा एवढा विचार झाला, त्याच जिल्ह्यात आता केंद्र सरकारचे विद्यापीठ आले. योगायोग असा, की त्याच १९९७ च्या नोव्हेंबरात युनेस्कोने उच्च शिक्षणातल्या अध्यापकांविषयी एक शिफारस मंजूर केली. त्यात शिकवण्याचे, संशोधनाचे आणि आपल्याच संस्थेविषयी मत मांडण्याचे स्वातंत्र्य मान्य केले आहे. आणि त्याबरोबर कर्तव्येही सांगितली आहेत : सत्याचा प्रामाणिक शोध, विद्यार्थ्यांना न्यायाची वागणूक, दुसऱ्याच्या मताचा आदर. झाकीर हुसेन आणि विनोबा जे सांगत होते, तेच जगाच्या सभेने आपल्या भाषेत सांगितले, असे म्हटले तरी चालेल.

या विद्यापीठातही कसोटीचा प्रसंग आला. ऑक्टोबर २०१९ मध्ये सहा विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. झुंडीने माणसे मारण्याच्या घटना आणि इतर काही प्रश्नांवर पंतप्रधानांना सामूहिक पत्र लिहिण्याचा कार्यक्रम विद्यार्थ्यांनी आखला होता आणि आवारात धरणे धरले होते. विधानसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता चालू असताना तिचा भंग झाला, असे प्रशासनाचे म्हणणे होते. हा पत्र लिहिण्याचा साधा अधिकार आहे, असे विद्यार्थ्यांचे म्हणणे होते. ९ ऑक्टोबरचा तो आदेश १३ ऑक्टोबरला, म्हणजे चारच दिवसांत, मागे घेण्यात आला. तांत्रिक त्रुटी आणि नैसर्गिक न्याय ही कारणे देण्यात आली.

नैसर्गिक न्याय म्हणजे काय? शिक्षा देण्यापूर्वी ज्याला शिक्षा द्यायची त्याचे ऐकून घेणे. किती साधी गोष्ट! १९३७ साली वर्ध्याच्या सभेत गांधीजींनी हेच केले होते. आधी ऐकले, मग ठराव केला. ऐकणे हे मोठेपणाचे लक्षण आहे, कमकुवतपणाचे नव्हे. संस्था लहान असो की मोठी, जिच्यात वेगळे मत ऐकून घेण्याची सोय नाही, तिला आपला आदेश मागे घेण्याची पाळी कधी ना कधी येतेच.

श्रोतेहो, आता पुन्हा आपल्या गावाकडे येऊ. तुम्ही म्हणाल, आम्ही यात काय करावे? शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्याकडे तीन गोष्टी आहेत. जे पटत नाही ते केंद्राच्या बैठकीत तोंडावर, नम्रपणे आणि कारणासहित सांगा. बाहेर चहाच्या टपरीवर सांगू नका. सांगून झाल्यावर काम टाकू नका, त्या कामाला लागा आणि त्यातून तुमचे म्हणणे खरे की खोटे ते दाखवा. आणि वर्गातल्या मुलाने तुम्हाला अडचणीचा प्रश्न विचारला, तर त्याला खाली बसवू नका. उद्याचा झाकीर हुसेन तोच असेल!

आणि पालकांनो, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने गावोगाव शाळा व्यवस्थापन समित्या आल्या आहेत. त्यांत तीनचतुर्थांश सभासद तुम्हीच पालक असता. त्या समितीत बसून गुरुजींना जाब जरूर विचारा. मुलाला वाचता का येत नाही, हे विचारा. गुरुजी वर्गावर का नव्हते, हे विचारा. पण त्यांनी खरे शिकवले म्हणून त्यांना धाक घालू नका. तुमच्या जातीला, तुमच्या पक्षाला किंवा तुमच्या मनाला न रुचणारे एखादे सत्य त्यांनी वर्गात सांगितले, तर आधी त्यांचे ऐकून घ्या. गुरुजींना घाबरवणारे गाव आपल्याच मुलांना घाबरट करते.

सेवाग्रामला तालीमी संघाच्या परिसरात २००५ पासून 'आनंद निकेतन' ही शाळा पुन्हा नई तालीमच्या विचाराने सुरू झाली. कधी वर्ध्याकडे गेलात तर सेवाग्राम पाहाच, पण १९३७ च्या त्या दोन दिवसांचीही आठवण ठेवा. देशातला सर्वांत मोठा माणूस अध्यक्षस्थानी असताना एका शिक्षकाने उठून सांगितले, की तुमच्या योजनेत धोका आहे. आणि त्या मोठ्या माणसाने त्याच्याच हाती ती योजना सोपवली. शिक्षणाचे स्वातंत्र्य टिकते ते अशा दोन माणसांमुळे. एक निर्भयपणे सांगणारा आणि दुसरा मोकळ्या मनाने ऐकणारा. आपल्या गावात, आपल्या शाळेत या दोघांपैकी एक तरी होण्याची संधी प्रत्येकाला मिळते.